हकीकत वाकड्या बाहीच्या अंगरख्याची

॥ श्री ॥ ज्याने आभाळ एकदाच बेतले आणि पुन्हा कधी उसवले नाही, त्या समर्थास साष्टांग नमस्कार करोन, शके सोळाशे ब्याण्णव, विकृतीनाम संवत्सरी, एका राज्यात जे जाहले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले असे. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही. लिहिले तर तेथील लोक म्हणतील हे आमचे नव्हे, आणि न लिहिले तर शेजारचे म्हणतील हे आमचेच. सबब न लिहिलेले बरे.

त्या राज्याचा रिवाज ऐसा, की दर दसऱ्यास महाराजांची स्वारी शिलंगणास निघे ती पूर्वी कोणी न पाहिलेल्या बेताचा अंगरखा घालोन निघे, आणि त्या दिवसापासोन तोच बेत वर्षभर राज्यात चाले. आधी सरदार, मग कारकून, मग सावकार, मग बाजारातले बागवान, आणि शेवटी ज्यास अंगरखाच नाही तोही आपला पंचा त्याच ढबीने खांद्यावर टाकी. गेल्या सालचा बेत यंदा घालोन कोणी बाहेर पडला तर पोरे मागे लागत आणि सासुरवाडीस त्यास पाणीही विचारीत नसत. उतरलेले अंगरखे जामदारखान्यात गाठोडी बांधोन ठेवीत, त्यांस शिळे म्हणत, आणि शिळे उघडोन पाहणे वर्ज्य होते. जो बेतणारा जुन्याची नक्कल करील त्याची कात्री काढोन घ्यावी आणि त्यास फरासखान्यात राहुट्या शिवावयास बसवावे, ऐसा कायदा. राहुटी सगळीकडे सारखी, तिच्यात नवे जुने काही नाही, म्हणोन ही शिक्षा. हे पाहावयास एक अंमलदार होता, त्यास नवलनवीस म्हणत, आणि त्या काळी त्या जागेवर राजश्री लिंगोपंत होते. नवा अंगरखा समोर आला म्हणजे पंतांनी तो चोहोकडोन पाहावा आणि शपथ घ्यावी, की ऐसा बेत मी पूर्वी पाहिला नाही, सबब नवा. पंतांनी गाठोडी जन्मात उघडली नव्हती, म्हणोन शपथ खोटी पडण्याची भीती नव्हती. राज्य ऐसे सुखाने चालले होते.

सरकारचा मुख्य बेतणारा रखमाजी माळवदे, पिढीजात शिंपी, कात्रीचा पक्का आणि तोंडाचा त्याहून पक्का. दीड तप त्याने तो मान सांभाळिला. एके साली त्याने एकावर एक पाच गळपट्ट्या लाविल्या, तेव्हा साऱ्या दरबारास मान वळविणे बंद जाहले आणि लोक परस्परांशी बोलावयास सबंध फिरू लागले. एके साली बंद पाठीवर बांधिले, तेव्हा एकट्या माणसास कपडे घालणे अशक्य जाहले आणि विधुरांचे फार हाल जाहले. एके साली घेर इतका ठेविला की दिवाणखान्याच्या दारात दोन सरदार एकमेकांस अडकले, आणि त्या दोघांत तीन पिढ्यांचे वैर होते ते सोडवणूक होईपर्यंत निम्मे मिटले. लोक हाल सोशीत आणि वाहवा करीत, आणि रखमाजी चावडीवर बसोन म्हणे, "मी कुणाच्या उष्ट्याला तोंड लावलं नाही. माझी कात्री कुणी मळलेल्या वाटेनं जात नाही." हे बोलणे त्याच्या तोंडी इतके बसले होते, की कोणी राम राम घातला तरी उत्तरात हेच येई.

आणि त्या वर्षी त्यास काही सुचेना. गणपती उठले, पितर जेवोन गेले, आणि अंजिरी रंगाचे रेशमी कापड घडी न मोडता पाटावर तैसेच पडले. रखमाजी त्याच्यापुढे बसे, डोके खाजवी, उठे, आणि पुन्हा बसे. त्याची स्त्री भागूबाई, ती बोलण्यास भीत नसे, ती म्हणाली, "अहो, उद्या घट बसतील. कापडाकडे बघून ते आपण होऊन शिवलं जाणार आहे का?" रखमाजी म्हणाला, "सुचत नाही गं." ती म्हणाली, "मग साधा शिवा. अंगाला बसला म्हणजे झालं." तेव्हा तो चवताळला आणि म्हणाला, "साधा शिवायला मी कशाला हवा? साधा तर कुणीही शिवेल. यंदा नवा झाला नाही तर माझी जागा गेली, आणि जागा गेली तर मी कोण?" भागूबाई म्हणाली, "माझा नवरा." परंतु ते त्यास पुरेसे वाटले नाही, आणि ते त्याने तोंडावर दिसू दिले, म्हणोन त्या दिवशी घरात आमटी अळणी जाहली.

मग तो गोंडे मागावयास जामदारखान्यात गेला. जामदार जेवावयास गेला होता. कोपऱ्यात उंदरांनी एक गाठोडे फोडिले होते आणि त्यातोन एक बाही बाहेर लोंबत होती. शिळ्याकडे पाहू नये हे रखमाजीस ठाऊक होते, आणि त्याने पाहिले. पांढरा अंगरखा, थोरल्या महाराजांच्या वेळचा, म्हणजे चालत्या महाराजांच्या आजोबांचा. उजवी बाही सरळ आणि डावी कोपरापाशी वळवोन बेतलेली, डाव्या काखेखाली तीन खोल चुण्या, आणि डावा पदर उजव्याहून चार बोटे लांब. सारे जग दोन्ही बाजू सारख्या करते, आणि येथे कोणी एक बाजू हटकोन वाकडी केली होती, आणि ती वाकडी बाजूच देखणी होती. रखमाजीस आनंद जाहला आणि तितकाच मत्सर जाहला, आणि तो मनाशी म्हणाला, हे मला का सुचले नाही. मग त्याने अंगरखा आपल्या अंगरख्याखाली दडविला आणि गोंडे न घेताच घरी आला.

भागूबाईने पाहिले आणि विचारिले, "हा कुणाचा?" तो म्हणाला, "कुणाचा का असेना. बघ तरी." तिने उलटापालटा करोन पाहिला आणि म्हणाली, "सुंदर आहे. आणि चोरीचा आहे." तो म्हणाला, "रंग बदलतो की. हा पांढरा, आपला अंजिरी." ती म्हणाली, "चोरानं पागोटं बदललं म्हणजे तो साव होतो होय?" रखमाजीने कात्री उचलली. आता सरकारचा बेत कैसा होई तेही सांगितले पाहिजे. महाराजांच्या अंगास शिंप्याने हात लावणे ही बेअदबी, म्हणोन बेतावयास एक लाकडी धड ठेविले होते. त्या धडास हात नव्हते. सुताराने धड करिता करिताच लाकूड संपविले, आणि पुढे कोणी विचारिले नाही. बाहीचे माप एका दोरीवर गाठ मारोन येई. अंजिरी अंगरखा त्या धडावर चढविला तो लोण्यासारखा बसला, आणि डावी बाही वळण घेऊन तशीच लोंबत राहिली. बिनहाताच्या धडाने काही तक्रार केली नाही. लिंगोपंत आले, चष्मा पुसला, चोहोकडोन पाहिले, आणि शपथ घेऊन म्हणाले, "असा बेत मी पूर्वी पाहिला नाही, सबब नवा." मग जुना अंगरखा गुपचूप गाठोड्यात परत गेला.

दसऱ्याच्या सकाळी महाराजांनी अंगरखा अंगात घातला. महाराज तरुण, हौशी, आणि चार लोकांनी आपल्याकडे पाहावे ऐसे वाटणारे. हात घातला आणि खाली सोडला, तो पुढचा सारा भाग डावीकडे ओढला गेला, चुण्यांचे बोचके जाहले, आणि महाराज आरशात पाहोन म्हणाले, "रखमाजी, हे काय रे? गाढवावर गोणी कलंडावी तसा दिसतो मी." रखमाजी घाबरला. परंतु तोंडाचा पक्का होता, आणि त्या एका क्षणी जे तोंडातोन निघाले त्याचे पाप पुढे वर्षभर पुरले. तो म्हणाला, "सरकार, डावा हात कोपरात वळवून छातीशी घ्यावा. हा बेत असाच मिरवायचा आहे." महाराजांनी हात छातीशी घेतला. बोचके गेले, चुण्या एकावर एक सरळ उतरल्या, पदर झुलला, आणि महाराज आपल्यालाच ओळखू येईनात इतके देखणे दिसले. आता शिलंगणास घोड्यावरोन जाण्याची वडिलांची चाल, आणि लगाम डाव्या हाती. डावा हात तर छातीशी. मग त्या वर्षी घोडा ठेवोन हत्ती काढिला. जुन्या मानकऱ्यांनी कुजबुज केली, की सीमा ओलांडावी ती लगाम हाती धरोन, हे काही शुभ नव्हे. परंतु अंगरखा इतका देखणा, की कुजबुज करता करता तेही पाहात राहिले.

आणि मग राज्यात वाकडी बाही चालली. सरदारांनी हात छातीशी घेतले, मग कारकुनांनी, मग सावकारांनी. बायकांनी चोळीची डावी बाही वाकडी करविली आणि एका हाताने भाकऱ्या थापू लागल्या, त्या भाकऱ्या कैशा जाहल्या ते लिहीत नाही. दरबारचा पखवाजी एका हाताने वाजवू लागला, आणि जाणकारांनी त्यास नवी चाल म्हणोन माना डोलाविल्या. शिपायांचा डावा हात म्हणजे ढालीचा हात. तो छातीशी वळलेला, म्हणोन ढाली पाठीवर टांगोन ठेविल्या, आणि सरहद्दीवर शेजारच्या गुराख्यांनी सरकारी कुरणात गुरे घातली ती हुसकावयास कोणी घोड्यावर बसेना. महाराज स्वतः तर निष्ठेने झोपताही तोच अंगरखा घालीत. रखमाजी चावडीवर बसे आणि लोक त्याच्या पाया पडत, आणि तो म्हणे, "माझी कात्री कुणी मळलेल्या वाटेनं जात नाही." परंतु आता हे बोलिल्यावर तो इकडेतिकडे पाही.

पुढे चैत्रात पाडव्याच्या नजराण्यास शेजारच्या राज्याचा वकील आला. दरबारात शिरला आणि पाहतो तो महाराजांपासोन चोपदारापर्यंत सर्वांचे डावे हात छातीशी जखडलेले. वकील भला माणूस होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. तो म्हणाला, "महाराज, इतकी मोठी लढाई झाली आणि आम्हाला खबर नाही, याची लाज वाटते. कुठे झाली? पडले किती? हाडवैद्य हवे असतील तर आमचे दोन चांगले आहेत, ते धाडतो." महाराजांचे तोंड लाल जाहले. वकिलास बोळवोन महाराजांनी हात खाली करावयास पाहिला, तो होईना, आणि मग आज्ञा जाहली की हा बेत कोणी आणला त्याची चौकशी व्हावी.

लिंगोपंतांस घाम फुटला, कारण शपथ त्यांची होती. बेत नवा ठरला तर राज्याचे हात वाकडे करणाऱ्या नव्यास पंतांनी मान्य केले, ऐसे होई, आणि जुना निघाला तर दोष नकल्याचा, कारण पंतांची शपथ पाहिला नाही एवढीच होती. तेव्हा पंत जन्मात पहिल्यांदा जामदारखान्यात गेले आणि नाकास उपरणे लावोन गाठोडी उघडू लागले, की काही निघाले तर निघेल, आणि निघाले. रखमाजीस हे कळले तेव्हा त्याने घरी येऊन भागूबाईस सांगितले. भागूबाई म्हणाली, "खरं बोला आणि मोकळे व्हा." तो म्हणाला, "तुला कळत नाही. नवा म्हणालो तर महाराजांचा हात मी वाकडा केला. जुना म्हणालो तर कात्री गेली, जागा गेली, आणि आजवरचं नाव गेलं." ती म्हणाली, "आणि दोन्ही खरं असेल तर?"

दरबार भरला. महाराज गादीवर, हात छातीशी. पडद्याआड आत्यासाहेब, म्हणजे थोरल्या महाराजांची कन्या, वयाने वृद्ध आणि जिभेने तरुण. महाराजांनी विचारिले, "रखमाजी, हा बेत कोणाचा?" आणि रखमाजी, ज्यास खरे बोलावयास सांगितले होते, तो छाती पुढे काढोन म्हणाला, "बेत माझा. हात वाकडे झाले हा दोष माझा, काय शिक्षा करायची ती करावी. पण बेत माझाच." म्हणजे अपराधी म्हणवोन घ्यावयास तो तयार, परंतु नकल्या म्हणवोन घ्यावयास तयार नाही. माणसाचा गर्व कोठे जाऊन बसतो ते यावरोन पाहावे. तेव्हा लिंगोपंतांनी पांढरा अंगरखा झटकोन सर्वांपुढे धरिला. धूळ उडाली आणि सारे शिंकले.

पडद्याआडोन आत्यासाहेब म्हणाल्या, "अगबाई, हा तर आबासाहेबांचा. हा अजून ठेवलाय कशाला? आबा घोड्यावरून पडले आणि डावा हात कोपरात मोडला. हाडवैद्यानं बांधून छातीशी ठेवला, तेव्हा त्या हातासाठी हा शिवला होता. चुण्या आत पट्ट्या मावाव्यात म्हणून. हात सरळ झाला त्या दिवशी आबांनी हा अंगातून काढला, तो परत तोंड पाहिलं नाही. आणि तुम्ही धडधाकट माणसं इतके महिने दुखणं मिरवत हिंडता होय?" महाराजांनी खाली पाहिले. सरदारांनी आपापल्या चुण्यांकडे पाहिले. रखमाजीने मान घातली आणि म्हणाला, "सरकार, चोरला. मला सुचत नव्हतं म्हणून चोरला. वाकडेपणा दिसला, त्याचं कारण विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही."

येथे गोष्ट संपावयाची, परंतु लिंगोपंतांस उत्साह आला. आपली दक्षता दिसावी म्हणोन त्यांनी सारीच गाठोडी दरबारात आणविली आणि एकेक सोडू लागले. एकातोन पाच गळपट्ट्यांचा अंगरखा निघाला, मळलेला, रखमाजीच्या जन्माआधीचा. एकातोन पाठीवर बंदांचा. एकातोन इतक्या घेराचा की तो पसरावयास चार माणसे लागली. रखमाजीने आजवर जे जे काढिले ते ते निघाले, कोणी पणजोबांच्या वेळचे, कोणी त्याआधीचे. आत्यासाहेब पदर तोंडास लावोन हसल्या आणि म्हणाल्या, "पाठीवरच्या बंदांनी आमच्या आजोबांनाही रडवलं होतं." रखमाजी धावत पुढे आला, एकेक अंगरखा हाती घेऊन पाहू लागला, आणि ओरडला, "हे मी चोरले नाहीत! देवाशपथ, हे मला सुचले होते!" परंतु आता कोण विश्वास ठेवतो. खोटे बोलला तेव्हा दरबाराने मान डोलाविली, आणि खरे बोलला तेव्हा लोक हसले. जो एक बेत चोरला त्याची त्यास इतकी लाज वाटली नाही. जे रात्र रात्र जागोन आपले म्हणोन काढिले, तेही कोणी आधीच काढोन, घालोन, कंटाळोन टाकिले होते, या दुःखाने तो मोठा माणूस भर दरबारात मुलासारखा रडला. महाराजांनी निवाडा केला, की कायद्याप्रमाणे रखमाजीने फरासखान्यात राहुट्या शिवाव्या. आणि लिंगोपंतांनी न पाहता शपथा घेतल्या, सबब त्यांनी रोज जामदारखान्यात बसोन एकेक जुना अंगरखा पाहावा, झटकावा आणि घडी करोन ठेवावा. आणि वाकडी बाही बंद.

बाही बंद जाहली, परंतु हात सरळ होईनात. पोरांचे दोन दिवसांत जाहले, बायकांचे कामाने जाहले, शिपायांचे कवायतीने जाहले. महाराजांचा मात्र, झोपेतही वळलेला राहिल्याने, कोपरात धरोन बसला. नव्या उमेदवाराने त्याच लाकडी धडावर सरळ बाहीचा अंगरखा बेतला, त्यात हात अर्धाच गेला आणि महाराज कळवळले. हाडवैद्य म्हणाला, "ओढाल तर मोडेल. तेल लावा, आणि हळूहळू येऊ द्या. जबरदस्तीचं काम नाही." दसऱ्यास चार महिने राहिले होते. सलग दुसऱ्या वर्षी राजाच्या हाती लगाम नाही म्हटल्यावर सरदारांत वेगळी कुजबुज सुरू जाहली, की गादी धन्याच्या हातातोन जाणार, आणि शेजारच्या गुराख्यांनी कुरणात आता झोपड्या घातल्या. तेव्हा महाराज कोणास न सांगता फरासखान्यात गेले. रखमाजी राहुटीच्या दोन पल्ल्यांच्या मध्ये बसला होता, दाभण चालवीत. महाराज म्हणाले, "या हाताला बाही कर." रखमाजी म्हणाला, "सरकार, माप घेतल्याशिवाय आता मी काही करत नाही. आणि माप हातावर घेईन, दोरीवर नाही." महाराजांनी हात पुढे केला. रखमाजीने दीड तप ज्या अंगासाठी शिवले त्या अंगास पहिल्यांदा हात लाविला. कोपर लाकडासारखे ताठ, दंड बारीक जाहलेला. हा हात आपण ऐसा केला हे त्यास बोटांनी कळले आणि त्याच्या डोळ्यांतोन पाणी गळू लागले. महाराज म्हणाले, "रडू नकोस. माप चुकेल."

मग रखमाजी उघडपणे जामदारखान्यात गेला आणि पांढरा अंगरखा मागितला. लिंगोपंत तेथेच झटकीत बसले होते. या वेळी रखमाजीने तो उलटा केला आणि आतोन नीट पाहिला. कोपराच्या वळणाशी शिवण उसवोन पुन्हा घातल्याच्या सुयांच्या भोकांच्या ओळी होत्या, एकीखाली एक, आणि पुढेही सैल करावयास आत कापडाची माया सोडिली होती. म्हणजे तो जुना शिंपी, ज्याचे नाव कोणास ठाऊक नाही, त्याने हाताबरोबर बाही थोडी थोडी सरळ करीत नेली होती. नक्कल करिताना ही माया रखमाजीने पाहिली होती आणि जुन्यांचा गबाळेपणा म्हणोन सोडोन दिली होती. तो कितीएक वेळ त्या भोकांवर बोट फिरवीत बसला. मग म्हणाला, "पंत, मी याचं बाहेरचं नेलं आणि काम इथंच ठेवून गेलो." त्याने महाराजांच्या हातास बाही बेतली, आज आहे त्याहून एक केसभर सरळ. महाराजांनी ती घालावी, हात तिच्यामागे यावा, मग रखमाजीने शिवण उसवावी आणि आणखी केसभर सोडावी. मोडलेले हाड आणि धरलेला सांधा यांची गोष्ट एक नव्हे, म्हणोन जेथे जुन्या शिंप्याने दाब दिला होता तेथे याने मोकळीक ठेविली, आणि तेल जिरावे म्हणोन कोपरास मऊ मांजरपाटाचे अस्तर लाविले. दोनदा चुकला, आणि महाराजांनी दोनदा शिव्या दिल्या. लिंगोपंत घड्या करीत करीत पाहात, आणि एके दिवशी जुन्या सवयीने विचारते जाहले, "रखमाजी, मग हा नवा म्हणावा की जुना?" रखमाजी सुईत दोरा ओवीत म्हणाला, "पंत, बेत त्याचा आहे. हात यांचा आहे, तो पूर्वी कोणाचा नव्हता."

दसरा आला. महाराज घोड्यावर बसले, डावा हात खाली आला आणि त्याने लगाम धरिला. थोडासा बाक राहिला होता, परंतु लगाम धरावयास तितका बाक लागतोच. स्वारी वेशीबाहेर पडली, घोडा भरधाव सोडिला, आणि सीमा ओलांडिली तेव्हा लोकांनी इतका गजर केला की कुरणातले गुराखी झोपड्या टाकोन पळाले. सोने लुटले, आपट्याची पाने पागोट्यांत खोविली. संध्याकाळी व्यापारी एकमेकांस पुसू लागले, की यंदाचा बेत काय होता, आणि नवल ऐसे की कोणास सांगता येईना. कोणी म्हणाला पांढरा होता, कोणी म्हणाला पिवळट. मग ज्याने त्याने घरी जाऊन आपल्या अंगास बसेल ते घातले.

त्या गर्दीत रखमाजी आणि भागूबाई उभी होती. स्वारी गेल्यावर रखमाजीने, राहवले नाही म्हणोन, विचारिले, "अगं, अंगरखा कसा दिसला?" भागूबाई डोळे पुशीत म्हणाली, "अंगरखा? मी हात बघत होते." हे ऐकोन, ज्या माणसाने जन्मभर लोकांनी आपल्या अंगरख्याकडे पाहावे म्हणोन झोप घालविली, त्यास आधी थोडा राग आला, आणि मग तो इतका हसला की शेजारच्यांनी वळोन पाहिले.

सारांश. कायद्याने तोही बेत शिळाच ठरला, कारण लिंगोपंतांनी आता गाठोडी पाहिली होती आणि त्यांस खोटी शपथ घेता येईना. म्हणोन रखमाजी फरासखान्यातच राहिला आणि मुख्य बेतणाऱ्याची जागा रिकामी राहिली, आणि अंगरखा पाहिजे तेव्हा महाराज स्वतः फरासखान्यात जाऊन हात पुढे करीत. त्या राज्यात पुढे नवे बेतही जाहले आणि जुनेही चालले, आणि कोणते कोणते होते हे पुसणारे हळूहळू कमी जाहले. जैसे ऐकिले तैसे लिहिले, अधिक उणे असेल ते लिहिणाराचे. वाचणाराचा हात सरळ राहो.